फांदी पडली की पाडली?

सोमवार, ता. ४

एसी गेला.

गेला म्हणजे जाणार कुठे, मागच्या अंगणात होता तिथेच आहे. तुतीच्या फांदीखाली चेपलेला. त्याचं बाहेरचं धूड तिकडे आडवं झालंय आणि आतली तोंडं प्रत्येक खोलीत भिंतीवर गप्प बसलीत. आमच्या अख्ख्या घराला हा एकच. थंडीत ऊब देतो, उन्हाळ्यात गारवा. आणि सध्या ऊन असं पडलंय की दुपारी दाराची कडी धरवत नाही.

मी बाजारातून आले तेव्हा नवरोबा कमरेवर हात ठेवून अंगणात उभे.

"फांदी पडली," म्हणाले.

"कशी?"

"आपोआप."

हा या घराचा कुळाचारच आहे. इथे कुणी कप फोडत नाही, कप फुटतो. बटणं तुटतात, दूध उतू जातं, चावी हरवते. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण "हे मी केलं" असं वाक्य या घरात माझ्या कानावर पडलेलं नाही. ही विद्या सासूबाईंची, नवरोबांनी ती वाढवली. मला याचं नवल वाटतं, कारण मी काही कुणाला बोलत नाही. आज तरी काय बोलले? एवढंच म्हणाले, की महिनाभर घसा कोरडा करून सांगतेय ती फांदी कापा, ती फांदी कापा, तर रोज आपलं "होईल, होईल". आता झालं ना, आता नाचा. ऐन हंगामात माझ्याच नशिबी हे यायचं होतं, घर आहे की धर्मशाळा, आणि मी म्हणून टिकले, दुसरी असती तर केव्हाच पळाली असती. बस. शेजारच्यांचा कुत्रा उगाचच भुंकायला लागला.

पण माझं काय पणाला लागलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिने थोडक्यासाठी आकांत केला. नोकरी सोडून मी मागच्या खोलीत चॉकलेटं करायला घेतली आणि आत्ता कुठे पहिली खरी ऑर्डर आलीय. दातवाले डॉक्टर शनिवारच्या पुढच्या शनिवारी, म्हणजे सोळा तारखेला, नवा दवाखाना उघडतायत. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात माझी एकेक डबी. मी म्हटलं, "डॉक्टर, दातांचा दवाखाना आणि चॉकलेट?" तर म्हणाले, "बाई, पुढची सोय नको का बघायला?"

चॉकलेटला उकाडा सोसत नाही. खोली गार नसली की त्याची चकाकी जाते, वर पांढरे डाग येतात, आणि अजून तापली की हाताला नुसता चिखल. ऑर्डर हुकली तर माझं दुकान उघडायच्या आधीच बुडालं. मग जुन्या कचेरीत परत. साहेबांनी माझी खुर्ची अजून भरलेली नाही आणि हे मला ते दर आठवड्याला फोन करून कळवतात.


मंगळवार, ता. ५

घराचा विमा आहे! मी विसरूनच गेले होते. सकाळी कागद काढून बसले. अक्षर मुंगीएवढं. दोनदा वाचल्यावर कळलं ते असं: अचानक अपघात होऊन एसी मोडला तर भरपाई मिळते. जुना होऊन झिजला, नीट निगा राखली नाही, किंवा आपोआप बिघडला, तर नाही. फांदी कोसळली म्हणजे अपघातच की! मी लगेच फोन लावला. उद्या त्यांची माणसं पाहणीला येणार.

नवरोबांना सांगितलं तर खूश व्हायचं सोडून म्हणाले, "कशाला उगाच लोकांना त्रास?" यांच्या भिडस्तपणाला काय म्हणावं.

त्यांच्या कोपराला मोठं खरचटलंय. मांजराने ओरबाडलं म्हणे. शेजाऱ्यांचं असेल, आमच्याकडे नाही. बाकी सध्या वागणं अगदी शहाण्यासारखं. सकाळी न सांगता चहा करून दिला, संध्याकाळी न सांगता कचरा टाकून आले. वय झालं की माणूस सुधारतो ते खोटं नाही.

शिडी मात्र जिन्याखाली होती ती अंगणात कशी आली, हे मला कळेना. माझा संशय सासूबाईंवर आहे. तुतीची पिकली फळं पडून त्यांच्या पांढऱ्या चादरींना डाग पडतात, म्हणून त्या झाडावर त्यांचा दात आहेच. कोपऱ्यावरच्या माळ्याला बोलावून त्यांनीच गुपचूप फांदी छाटून घेतली असणार. नवरोबा तर यात नक्की नाहीत. ज्या माणसाने उभ्या जन्मात भिंतीत एक खिळा ठोकला नाही, तो करवत कशाला हातात धरेल?


बुधवार, ता. ६

पाहणीला एक बाई आल्या. तरुण, पाठीवर पिशवी, पायात भक्कम बूट. त्यांना एकच प्रश्न येतो, "कशाने?" मी मनातल्या मनात त्यांचं नाव कशानेबाई ठेवलं.

"फांदी कशाने पडली?"

"आपोआप," नवरोबा.

"आपोआपच," सासूबाई.

"वारा होता?"

"छे हो, पान हलत नव्हतं," सासूबाई उत्साहाने म्हणाल्या. मी डोळे मोठे केले तर म्हणाल्या, "नव्हतं म्हणजे नव्हतं. घाम पुसून पुसून माझा पदर ओला झाला होता."

"मग फांदी किडकी होती का? वारा नाही, वादळ नाही, तरी पडली म्हणजे झाड पोखरलेलं असणार. म्हणजे निगा राखली नाही. असं असेल तर मला नाही म्हणूनच लिहावं लागेल."

नवरोबा एकदम म्हणाले, "किडकी मुळीच नव्हती! चांगली टणक होती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दिसायची," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

कशानेबाई फांदीजवळ उकिडव्या बसल्या. टोकावरून बोट फिरवून म्हणाल्या, "हे टोक तर सपाट आहे." नवरोबांचा चष्मा अजून पुसून झाला नव्हता. कंपनीची माणसं असलं काहीतरी बारीकसारीक काढतातच, तो त्यांचा धर्म. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "मी परवा परत येते. तुम्ही नीट आठवा. पडली असेल तर झाडाची चूक, त्याचं काही मिळत नाही. पाडताना भलतीकडे पडली असेल तर तो अपघात, त्याचं मिळतं. पण मग कुणी पाडली ते मला लागेल."

म्हणजे ऐका! आयुष्यभर "आपोआप" म्हणून निभावलं आणि आता तोच शब्द आमच्या मुळावर आला.

जेवताना मी दोघांनाही शांतपणे सांगितलं, "ज्याने कुणी केलं असेल त्याने बोलून टाकावं. मी एक अक्षर बोलणार नाही." खरंच शांतपणे सांगितलं. हातात चॉकलेट कापायचा सुरा होता, पण तो मी धुवायला उचलला होता. नवरोबांनी भाजी दोनदा वाढून घेतली, ती त्यांना आवडत नाही.


गुरुवार, ता. ७

ओल्या चादरी खिडक्यांना बांधल्या, पंख्यापुढे बर्फाचं घमेलं ठेवलं. चॉकलेट साच्यातून निघेचना. निघालं ते माझ्या बोटांना चिकटून. रागाने सगळं परत पातेल्यात ओतलं आणि थोडं रडले. अगदी थोडं. कांदा चिरत नव्हते, म्हणून कारणही सांगता येईना.

डॉक्टरांचा फोन. "होतील ना हो डब्या?" म्हटलं, "होतील." मागोमाग साहेबांचा फोन. "खुर्ची आहे हं." त्यांना वास लागतो की काय!

दुपारी सासूबाई आल्या, दार लावून घेतलं, माझ्यासमोर बसल्या.

"फांदी मी पाडली."

"तुम्ही?"

"शिडी लावली, वर चढले, कापली."

"आई, तुम्हाला खुर्चीवरून उठायला दोन माणसं लागतात."

"उठायला लागतात. चढायला लागत नाहीत."

हसावं की डोकं आपटावं कळेना. माझा अंदाज मात्र बरोबर ठरला. माळी त्यांनीच बोलावला, आणि त्या गरिबाचं नाव यायला नको म्हणून आता स्वतःच्या अंगावर घेतायत. मी काही बोलले नाही. म्हणजे एवढंच म्हटलं, की या वयात असले उद्योग सुचतात कसे, आणि त्या एका झाडापायी माझं दुकान बसलं तर चादरी काय चाटायच्या आहेत. त्या ऐकून घेत होत्या. दरवाजाबाहेर काहीतरी धडपडलं. बघितलं तर नवरोबा पाण्याचा ग्लास घेऊन उभे. म्हणे, ग्लास सांडला.


शुक्रवार, ता. ८

आज जे झालं ते सगळं लिहिल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

कशानेबाई सकाळीच आल्या. सासूबाई नवी साडी नेसून तयार. "विचार, बाळ."

"शिडीच्या कितव्या पायरीवर होतात, आजी?"

"सगळ्यात वरच्या."

"करवत कोणत्या हातात होती?"

"दोन्ही."

"मग शिडी कशाने धरली?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "देवाने धरली," म्हणाल्या.

कशानेबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या तोंडावरचं हसू त्यांनाच आवरेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आई, पुरे. मी कापली."

नवरोबा! मी वळून बघितलं. पायात चपला घालूनच आले होते, मी रागावलेच तर थेट बाहेर पडता यावं म्हणून.

"ही महिनाभर सांगत होती," ते कशानेबाईंना म्हणाले, माझ्याकडे न बघता. "म्हटलं, ही बाजारातून येईपर्यंत कापून ठेवावी, खूश होईल. फांदीला दोर बांधायचा राहिला." मग थांबले. "राहिला नाही. मी बांधला नाही. मला वाटलं पलीकडे पडेल. करवत शेजारून आणली होती, ती परत नेऊन दिली. कोपर मांजराने नाही, झाडाने सोललं."

"आणि हे तुम्ही मला चार दिवस सांगितलं नाही?" मी म्हटलं. "मला? मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

नवरोबांनी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी नवरोबांकडे, आणि मग सासूबाईंनी कशानेबाईंना विचारलं, "पाणी घेतेस का गं?" त्या बघण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

कशानेबाईंनी मात्र झरझर लिहून घेतलं. म्हणाल्या, "चला, आता झाला अपघात. हे बसतं विम्यात." माझ्या जिवात जीव आला. त्या पिशवी उचलणार, तेवढ्यात नाक वर करून थांबल्या.

"वास छान येतोय. मागच्या खोलीत काय करता?"

"काही नाही गं," सासूबाई चटकन म्हणाल्या, "चॉकलेटं होतात आपली थोडीफार."

"छंद आहे हो तिचा," नवरोबा. "वेळ जातो."

"म्हणजे घरगुतीच ना? मला विचारावं लागतं. घराच्या विम्यात धंद्याचं काही बसत नाही. तिथे धंदा चालत असेल तर त्या खोलीच्या वाट्याचं मिळणार नाही."

सासूबाई माझ्याकडे बघून पापण्या मिचकावत होत्या. नवरोबा हळूच मान हलवून दाखवत होते, अशी हलव म्हणून. मला फक्त मान हलवायची होती. ते दोघं माझ्यासाठीच बोलत होते, हे मला कळत होतं. पण तो "वेळ जातो" मला असा झोंबला! कचेरीतून निघाले तेव्हा साहेबही तेच म्हणाले होते, बहीण तेच म्हणते, आणि विचारलं कुणी तर मीसुद्धा हसून "आपलं काहीतरी" म्हणते. पहाटेपासून उभी राहून पोटऱ्यांना गोळे येतात, ते काय वेळ जावा म्हणून?

"धंदा आहे," मी म्हटलं. "मी करते."

आवाज जरा मोठा निघाला असावा. शेजारचा कुत्रा आज मात्र गप्प होता, शेजारीणच खिडकीत आली.

"विचार करून सांगताय ना?" कशानेबाईंनी विचारलं. पेन हवेतच होतं.

"लिहा."

त्यांनी लिहिलं. बाकी घराच्या वाट्याचं मिळेल, मागच्या खोलीचं नाही. त्या गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या. काय नडलं होतं? मान हलवली असती तर जीभ झडली असती का? लोक विम्याला हातोहात बनवतात आणि मी शहाणी स्वतः होऊन पाटी लावून बसले. भरपाई गेली, खोली तापलेली, आणि म्हणे धंदा!

नवरोबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता ऐकवतील, आणि आज त्यांचा हक्कही होता.

"पहाटे खोली जरा गार असते ना?" म्हणाले. "मग उद्या किती वाजता उठायचं?"


मंगळवार, ता. १२

पहाटे उजाडायच्या आधी आम्ही तिघं मागच्या खोलीत. ऊन चढेपर्यंत जेवढं होईल तेवढं करायचं, मग खिडक्यादारं बंद. मी साचे भरते, नवरोबा फडक्याने पुसून डब्यांत बसवतात, सासूबाई खुर्चीत बसून फितीची गाठ मारतात. गाठ अशी मारतात की सोडवायला दातच लागावेत. डॉक्टरांची आणखी सोय.

काल नवरोबांच्या हातून भरला ट्रे पडला. सगळं फरशीवर. मी वळले.

"मी पाडला," ते लगेच म्हणाले आणि डोळे मिटून उभे राहिले.

माझ्या ओठांवर काय काय आलं होतं ते इथे लिहीत नाही. जीभ चावली. "उचला," म्हटलं. एवढंच. सासूबाईंच्या हातातली फीत तशीच राहिली, त्या माझ्याकडे बघत बसल्या. नंतर हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का गं तुला?"


शनिवार, ता. १६

डब्या पोहोचल्या. थोड्या डब्यांतल्या चॉकलेटांवर पांढरे डाग होते, त्या वेगळ्या काढून डॉक्टरांना खरं सांगितलं, की या माझ्याकडून बिघडल्या. ते म्हणाले, "या मी घरी नेतो, चूक पोटात घालायची असते." दिवसभर मी त्यांच्या दवाखान्यात एका कोपऱ्यात उभी राहून लोकांच्या तोंडाकडे बघत होते. एक आजोबा खुर्चीत आ वासून बसले होते, गालात माझं चॉकलेट. डॉक्टर म्हणत होते, "आधी गिळा तरी." मला इतकं हसू आलं की बाहेर जाऊन उभी राहिले, आणि बाहेर गेल्यावर कळलं की हसता हसता डोळ्यांतून पाणी येतंय. पुढच्या महिन्याचीही ऑर्डर दिलीय त्यांनी. दवाखान्याशेजारच्या चष्मेवाल्याने भाव विचारला.

साहेबांचा फोन आला. म्हटलं, "साहेब, त्या खुर्चीवर कुणाला तरी बसवा आता. लाकूड वाया जातंय."


बुधवार, ता. २०

विम्याचं उत्तर आलं. कशानेबाई म्हणाल्या होत्या तस्संच. घराचं मिळालं, मागच्या खोलीचं नाही. वाईट वाटायचं ते वाटलं. पण डॉक्टरांचे पैसे हातात होते, म्हणून दुपारीच एसीवाल्याला बोलावलं.

त्याने अंगणात जुनं धूड उचललं, नवं बसवलं, आणि मागच्या खोलीच्या दारात उभा राहून डोकं खाजवत म्हणाला, "बाई, ही खोली घराच्याच मशीनला जोडू, की दुकानासाठी वेगळं लावायचं?"

वेगळं म्हणजे खर्च. मी नवरोबांकडे बघितलं, ते म्हणाले, "तू सांग." मी मनात हिशोब करत होते, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज.

"दुकानाचं वेगळं लाव रे! आणि वारा माझ्या खुर्चीकडे येऊ दे."

मग काठी टेकत त्या स्वतः दारात आल्या. मला वाटलं कौतुकाचं काही बोलतील.

"आणि सूनबाई, पुढच्या महिन्यापासून माझा पगार ठरव," म्हणाल्या. "फुकट राबायला मी काय तुझी सासू आहे?"